मोगऱ्याची हंगामी निगा

मोगरा (शास्त्रीय नाव जॅस्मिनम सँबॅक, कुल ओलिएसी) हे महाराष्ट्रात अंगणात, गच्चीवर आणि खिडकीतल्या कुंडीत सर्रास लावले जाणारे झुडूप. बटमोगरा, हजारी, मदनबाण, वेली मोगरा हे त्याचे नेहमी आढळणारे प्रकार. पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड भागात तो शेतातही घेतात. मुख्य बहर मार्च ते जून असतो. मोगऱ्याची कळी नव्या कोवळ्या फुटीच्या टोकालाच धरते, जुन्या लाकडावर नाही. पाणी तोडणे, छाटणी, खत ही सगळी कामे या एका गोष्टीभोवती फिरतात.

डिसेंबरात झाडाला ताण देतात. जमिनीतल्या झाडाचे पाणी दोन ते तीन आठवडे बंद ठेवतात. कुंडीत माती लवकर सुकते, म्हणून तिथे पाणी पूर्ण न तोडता आठवड्यातून एकदा थोडेसे द्यावे. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण पुरेसा बसला असे समजावे; फांद्यांची टोके सुरकुतू लागली तर तो जास्त झाला. त्यानंतर, साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत, धारदार कात्रीने छाटणी करतात. जमिनीतले झाड दीड ते दोन फुटांवर, कुंडीतले एक फुटाच्या आसपास ठेवतात. वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या बुडातून काढाव्यात. काप डोळ्याच्या (फांदीवर नवी फूट जिथून निघते त्या जागेच्या) वर पाव इंच, तिरका घ्यावा. झाड बोडके दिसेल या भीतीने नुसते शेंडे खुडले, की फुटी उंच टोकालाच येतात आणि बुंधा रिकामा राहतो. घरच्या बागेत सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

छाटणीनंतर वरची दोन-तीन इंच माती मुळे न दुखावता हलवून बारा इंची कुंडीस दोन-तीन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत आणि दोन चमचे हाडांचा चुरा घालतात, मग भरपूर पाणी देतात. साधारण दोन महिन्यांत कळ्या दिसतात. दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवेच. ऊन कमी किंवा युरियासारखे नत्र जास्त झाले, तर झाड हिरवेगार, लांब वेलीसारख्या फुटव्यांचे होते आणि कळी धरत नाही. अशा झाडाला आणखी खत घालणे म्हणजे दुखणे वाढवणे.

फुटीच्या टोकाला बहुधा तीन कळ्यांचा झुबका येतो. मधली आधी उमलते, मग बाजूच्या. तिन्ही संपल्या की देठाखालची पानांची पहिली पूर्ण जोडी ठेवून शेंडा खुडावा. त्या जोडीच्या बगलेतून दोन फुटी निघतात आणि त्यांवर पुढचा बहर येतो. हे काम न केल्यास पुढचे बहर विरळ होतात. गजऱ्यासाठी कळ्या सकाळीच, पूर्ण फुगलेल्या पण मिटलेल्या तोडतात. त्या संध्याकाळी उमलतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुंडीला रोज, मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात दोनदाही पाणी लागते. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले तर ते बरेच वाचते.

कळ्या जांभळट होऊन, तळाशी फुगून गळत असतील तर ते कळीमाशीचे काम: आत बारीक अळ्या असतात. कळीला भोक आणि जाळी दिसली तर ती कळी पोखरणारी अळी. दोन्हींत गळालेल्या व किडक्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात. कळीमाशी मातीत कोषात जाते, म्हणून वरची माती अधूनमधून हलवत राहावी. कळ्या तोडल्यावर संध्याकाळी लिटरला ५ मिली निंबतेल, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत आणि कूपनलिकेच्या जड पाण्यावर ती हमखास दिसते. चुनखडीच्या मातीत घातलेला हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) झाडाला फारसा लागू होत नाही. त्याऐवजी लिटरला ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून पानांवर फवारतात.

पावसाळ्यात खत थांबवून निचरा पाहावा. कुंडी विटांवर उचलून ठेवावी, तळाचे भोक मोकळे करावे. पाणी साचले की मुळे कुजतात. याच दिवसांत पाच-सहा इंचांच्या, अर्धवट पिकलेल्या फांदीची छाट वाळूमिश्रित मातीत सावलीत लावतात, किंवा लवचीक फांदी मातीत दाबून दाब कलम करतात.

हे वेळापत्रक कुंदाला लावू नये. त्याचा बहर थंडीत असतो; डिसेंबरात कात्री लावली तर हंगामाची फुले जातात. त्याची छाटणी बहर ओसरल्यावर करावी.