दारामागच्या रेघा आणि आतड्यातली धग

पुण्यातल्या बऱ्याच घरांत दारामागे पेन्सिलीच्या रेघा असतात. वाढदिवसाला पोराला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी धरायची, रेघ मारून शेजारी तारीख घालायची. आतड्याच्या आजारावरचा लेख मी या रेघांपासून सुरू करतोय, कारण क्रोन्स नावाच्या आजाराची पहिली नोंद पुष्कळदा तिथेच झालेली असते.

समजा, कोथरूडमधला अकरा वर्षांचा मुलगा आहे. पोट दुखतं म्हणतो, तेही नेमकं शाळेच्या वेळी. डबा अर्धा परत येतो. आजी म्हणते जंत झालेत. औषध देऊन होतं. मग वडापाव बंद होतो. मग कुणीतरी म्हणतं, शाळा बुडवायची नाटकं आहेत. यातला प्रत्येक अंदाज कितीतरी मुलांच्या बाबतीत खराही ठरतो, म्हणून तर पुढची तपासणी लांबते. दारामागे मात्र शेवटच्या दोन रेघांत जेमतेम दोन बोटांचं अंतर उरलेलं असतं. चार-पाच वर्षांच्या वयापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. हा आकडा ४च्या खाली आला, तर कारण शोधायला हवं.

आतड्यांच्या दाहविकारात, म्हणजे आयबीडीत, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उठते. (आयबीएस, म्हणजे चिडखोर आतड्याचा विकार, वेगळा. नावं जुळ्या भावांसारखी असली तरी त्यात आतड्याला जखमा होत नाहीत.) आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात, आणि तेही आतल्या अस्तरापुरता. त्यात शौचातून रक्त आणि आव पडते, त्यामुळे आईवडील घाबरून लवकर येतात. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधेमधे जागा सोडून, आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो, आणि रक्त दिसेलच असं नाही. खाल्लेलं अंगाला लागत नाही, एवढंच दिसतं. भूक मरते, अन्न नीट शोषलं जात नाही, हे खरंच. पण शिवाय दाहातून सुटणारी रसायनं वाढीच्या संप्रेरकाचं कामच अडवतात. त्यामुळे पोटाची तक्रार ठळक होण्याआधीच उंची थबकू शकते.

बालरोगतज्ज्ञ हे वाढीच्या तक्त्यावर पाहतात. ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये नव्याने काढले, आणि ते बनवण्यात पुण्यातल्या संशोधकांचा मोठा वाटा होता. दुसरी गोष्ट, अकरा वर्षांचा मुलगा लाजतो म्हणून राहून जाते, ती म्हणजे गुदद्वाराभोवतीची तपासणी. तिथली भेग, लोंबणारी कातडी किंवा पू येणारं छिद्र क्रोन्सचा सुगावा देतं.

रक्तात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, प्लेटलेट आणि दाह दाखवणारं सीआरपी जास्त, असं चित्र असू शकतं. पण आजार सौम्य असेल तर, विशेषतः कोलायटिसमध्ये, हे सगळं नॉर्मलही येतं. त्याहून बोलकी तपासणी शौचाची, कॅलप्रोटेक्टिनची. हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज आली की या पेशी तिथे धावतात आणि ते शौचात उतरतं. चार वर्षांवरच्या मुलांत ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत ठीक मानतात. आयबीडी पेटलेला असताना आकडा कित्येक शे, कधी हजारांत जातो. तान्ह्या बाळांत तो मुळातच जास्त असतो. संसर्गातही चढतो. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर हे नाव पुणेकरांना पाठ झालं. तसल्या जंतूनेही आकडा वर जाईल. म्हणून आधी संसर्ग वगळायचा.

आकडा चढाच राहिला, तर दुर्बीण. युरोपातल्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये ठरवलेल्या आणि २०१४ मध्ये सुधारलेल्या पोर्टो निकषांनुसार मुलांत वरून आणि खालून, दोन्हीकडून पाहायचं, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचं, आणि अस्तर निरोगी दिसलं तरी जागोजागचे तुकडे तपासायला घ्यायचे. मूल भूल देऊन झोपवलेलं असतं. त्याला त्रास होतो तो आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिण्याचा. मधल्या लांबलचक लहान आतड्यासाठी एमआरआय.

आपल्याकडे खरी कसोटी यानंतर लागते. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं, ती जागा क्रोन्सच्या आवडीची, आणि टीबीच्याही. दोन्हींत व्रण, दोन्हींत अरुंद झालेलं आतडं, दोन्हींत सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या गाठी. टीबीच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या, मधे चीजसारख्या कुजलेल्या असतात. पण घेतलेल्या तुकड्यात तशी गाठ सापडेलच असं नाही. आतड्याच्या टीबीत जंतूही थोडे, त्यामुळे जीनएक्स्पर्ट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं होत नाही. छातीचा फोटो, घरात कुणाला टीबी होता का हा प्रश्न, सगळं पाहायचं. टीबी समजून औषधं दिली तर क्रोन्सचे महिने वाया जातात. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिली तर टीबी भडकतो. दुसरी चूक जास्त महागात पडते, म्हणून खात्री नसेल तेव्हा बहुधा टीबीची औषधं आधी सुरू होतात. मात्र दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहावंच लागतं. क्रोन्सच्या मुलालाही त्या औषधांनी थोडं बरं वाटू शकतं, आणि घरचे दुसऱ्या दुर्बिणीला नको म्हणतात. व्रण भरलेत का, हे बरं वाटण्यावरून कळत नाही.

सहा वर्षांच्या आत आजार सुरू झाला तर वाट निराळी. त्यातल्या काही मुलांत एकाच जनुकातला दोष मुळाशी असतो, तेव्हा जनुकीय तपासणी करतात.

कोथरूडच्या त्या मुलाचं निदान क्रोन्स ठरलं, तर बऱ्याचदा सुरुवात गोळ्यांनी होतच नाही. सहा ते आठ आठवडे पोळी, भात, भाजी सगळं बंद. फक्त ठरावीक पोषक पेय. आतड्याची धग त्याने बसू शकते. त्याच सुमारास डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडांच्या टोकांची वाढीची पट्टी अजून मिटली नसेल, तर दारामागे रेघ मारायला जागा शिल्लक असते.