कार्यस्थळ समावेशन व कलोपचार (मुंबई)

कंपनीतील वैविध्य-समावेशनाची (वेगवेगळ्या जाती, लिंग, क्षमतांच्या लोकांना सामावून घेण्याची) जबाबदारी आणि चित्र, माती, हालचाल यांच्या साहाय्याने मनावरचा भार हलका करण्याचे काम, या दोहोंची जोड असलेला व्यवसाय. वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळसारख्या कार्यालयी भागांत त्याला वाव आहे. या नावाचे पद मात्र सहसा नसते. कार्डावर ‘डीईआय लीड’ (डीईआय म्हणजे वैविध्य, समन्याय व समावेशन) किंवा ‘सल्लागार’ एवढेच असते.

पहिल्या कामाला कायद्याचा आधार आहे. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते आणि तीत एक बाहेरचा सदस्य असावा लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक केले. दुसऱ्या कामाचे, म्हणजे कलोपचाराचे, ‘आर्ट थेरपी’ हे नाव ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी 1942 मध्ये रूढ केले. क्षयरोगावर आरोग्यधामात उपचार घेताना चित्रे काढण्याचा उपयोग त्यांनी स्वतः अनुभवला होता.

प्रत्यक्ष सत्र साधे असते. मीटिंग रूमच्या काचांना आतून कागद लावतात, टेबलावर शाडूची माती, तेलखडू आणि जुनी मासिके. ‘मला चित्र येत नाही’ हे ठरलेले पहिले वाक्य. विषय दिला जातो : ऑफिसात तुम्ही काय झाकून ठेवता? समजा, कोणी घट्ट झाकणाचा डबा घडवला. बोलणे पँट्रीतल्या मायक्रोवेव्हवर, सुकटीच्या वासावर येते आणि तिथून आडनावावर, जातीवर. परदेशी धाटणीच्या सादरीकरणांत जातीची स्लाइड बहुधा नसतेच. मातीच्या डब्यातून ती दहा मिनिटांत टेबलावर येऊ शकते.

खरी अडचण दोन निष्ठांची आहे. समावेशन अधिकारी व्यवस्थापनाला अहवाल देतो; उपचारकाने समोरच्याचे बोलणे जपायचे असते. समितीवरील बाहेरच्या सदस्यानेच त्या कंपनीत सत्रे घेतली, तर उद्या तक्रार आल्यावर त्याने कोणत्या कानाने ऐकायचे? म्हणून एका कंपनीत एकच भूमिका घ्यावी, हे उत्तम. चित्रे करणाऱ्याच्याच मालकीची. ती महिला दिनाच्या फलकावर लावणे म्हणजे विश्वासघातच. (एचआरला मात्र फोटो हवेच असतात.) सत्र घेतले म्हणून पगारातली तफावत किंवा रॅम्पचा अभाव मिटत नाही, हेही कंपनीला आधीच सांगावे लागते.

या कामाकडे समाजकार्य, मानसशास्त्र किंवा मनुष्यबळ व्यवस्थापन शिकून येता येते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (स्थापना 1936) समाजकार्य आणि मनुष्यबळ व्यवस्थापन दोन्ही शिकवले जातात. कलोपचाराचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते आणि तिथे सावध राहावे : चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, कलोपचारकासाठी तशी व्यवस्था दीर्घकाळ नव्हती. त्यामुळे दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र घेऊनही कोणी स्वतःला ‘थेरपिस्ट’ म्हणवू शकत असे. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत कला व नृत्य-हालचाल उपचारकांचा उल्लेख आला आहे.