स्नेहल (व्यक्तिनाम)

स्नेहल : मराठी व गुजराती भाषकांत मुलगा आणि मुलगी दोघांनाही ठेवले जाणारे नाव. अर्थ ‘स्नेहाने भरलेला’ किंवा ‘भरलेली’. घरगुती मराठीत सांगायचे तर प्रेमळ. किरण, शीतल, सुहास, शशी ही याच पंगतीतली नावे, पण स्नेहल त्यांच्याइतके सर्रास कानावर पडत नाही. शाळेच्या एखाद्या वर्गात दोन स्नेहा आणि तीन पूजा सहज निघायच्या. स्नेहल निघायची ती एखादीच. ‘निघायची’ म्हणावे की ‘निघायचा’, हे मात्र नुसत्या नावावरून कळत नाही. मुंबईत ही अडचण उर्वरित महाराष्ट्रापेक्षा जास्त येते, कारण इथल्या दोन मोठ्या भाषांचा या नावाबद्दलचा अंदाज एकमेकींच्या उलट आहे. मराठी कानाला स्नेहल बहुतेक वेळा मुलगी वाटते, गुजराती कानाला मुलगा.

घडण

शब्द संस्कृत वळणाचा आहे. ‘स्निह्’ धातूपासून स्नेह, आणि त्याला ‘असलेला’ या अर्थाचा ‘ल’ प्रत्यय लागून स्नेहल. वत्सल, मांसल, श्यामल, शीतल यांतही तोच ‘ल’ आहे. स्नेह म्हणजे माया, तसाच तो ओशटपणाही. आयुर्वेदात तूप, तेल, वसा आणि मज्जा या चौघांना स्नेह म्हणतात. संक्रांतीला तिळगूळ का द्यायचा, तर तिळातला स्नेह आणि गुळातली गोडी एकत्र यावी म्हणून, असे घरोघरी सांगतात ते या दोन्ही अर्थांवर बेतलेले आहे.

संस्कृतात विशेषण लिंगाप्रमाणे बदलते : पुरुष स्नेहल, तर स्त्री स्नेहला. मराठीत आल्यावर अशा विशेषणांचा हा फरक गळून पडला. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ यातले आकारान्त विशेषण बदलते. सुंदर, कोमल, शीतल, प्रेमळ ही अकारान्त विशेषणे दोघांच्याही मागे जशीच्या तशी उभी राहतात. अशा विशेषणाचे नाव केले की ते दोन्हीकडे खपते. अर्थात हा काही अटळ नियम नव्हे. निर्मल आणि निर्मला ही जोडी वेगळी राहिली. कमल हे नाव मराठी घरात आजीचे असते, तमिळ चित्रपटसृष्टीत मात्र ते कमल हासन यांचे आहे. व्याकरण मोकळीक देते; वापर कुठे वळायचा ते वस्ती ठरवते.

स्नेहल या नावाची दुसरी वाट आहे स्नेहलता या लांब नावाला कात्री लावण्याची. स्नेहलता, स्नेहप्रभा ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शिकलेल्या मराठी घरांची आवड. १९४०च्या दशकातल्या अभिनेत्री स्नेहप्रभा प्रधान आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे. पुढच्या पिढीला एवढे लांब नाव जड वाटू लागले आणि ‘लता’तला ‘ता’ गेला. मराठीत स्नेहल मुलीकडे झुकले याचे मोठे कारण हेच असावे. गुजरातीत ते विशेषण म्हणूनच नाव झाले आणि मुलांच्या यादीत जाऊन बसले.

आता गंमत अशी, की मुंबईच्या मराठी माणसांत ज्या स्नेहलचे नाव सर्वांत आधी गाजले तो पुरुष होता, आणि त्यांनी ते नाव मुलीकडून घेतले होते. संगीतकार वासुदेव गंगाराम भाटकर (१९१९–२००७) एचएमव्ही या ध्वनिमुद्रण कंपनीत नोकरीला होते. चित्रपटांना संगीत देताना ते निरनिराळी नावे वापरत. ‘नीलकमल’ (१९४७) या चित्रपटाला त्यांचे नाव ‘बी. वासुदेव’ असे लागले. नंतर त्यांनी आपली मुलगी स्नेहलता हिच्या नावातून ‘स्नेहल’ उचलले आणि ते स्नेहल भाटकर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. ‘हमारी याद आएगी’ (१९६१) या चित्रपटातले मुबारक बेगम यांनी गायलेले ‘कभी तनहाइयों में यूँ’ हे गाणे त्यांचेच. अभिनेते रमेश भाटकर हे त्यांचे चिरंजीव. वडिलांचे नाव मुलांच्या नावामागे लागते ही महाराष्ट्राची रीत. इथे मुलीचे नाव वडिलांच्या आडनावापुढे लागले. रेडिओवर ‘संगीतकार स्नेहल भाटकर’ एवढेच सांगत. त्या तीन शब्दांत क्रियापद नाही, त्यामुळे ती बाई की बुवा, हे कित्येक श्रोत्यांना शेवटपर्यंत कळले नसेल.

मुंबईतील प्रसार

भारताच्या जनगणनेत माणसाचे नाव लिहून घेतात, पण कोणते नाव किती जणांचे आहे याची मोजदाद छापत नाहीत. १९४८च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत नोंदी गोपनीयच राहतात. त्यामुळे एखाद्या नावाची लोकसंख्या सांगण्याऐवजी त्याची वस्ती सांगणे जास्त खरे. २०११च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती. त्यांत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख, गुजराती सांगणारे सुमारे १४ लाख. स्नेहल हे नाव मुख्यतः या दोन गटांत फिरते. घाटकोपर, मुलुंड, विलेपार्ले, कांदिवली, बोरिवली या उपनगरांत दोन्ही गट एकाच जिन्यावर राहतात. खालच्या मजल्यावर स्नेहलभाई आणि वरच्या मजल्यावर स्नेहलताई, हे अशा इमारतींत नवलाचे नाही. कुरियरवाला मात्र तळमजल्यावरून ‘स्नेहल मॅडम’ अशी हाक देतो आणि गंजिफ्रॉकातले गृहस्थ दार उघडतात.

मराठी वस्त्यांत हे नाव आज प्रामुख्याने तिशी-चाळिशीतल्या बायकांचे आहे. बालवाडीच्या हजेरीपटावर ते क्वचित दिसते. तिथे आता आन्वी, आरोही, विहान यांचा जमाना आहे. मराठी पुरुषांत स्नेहल आढळतो, पण तुरळक. जातीचा शिक्का या नावावर नाही आणि त्यात देवाचे नावही नाही, म्हणून हिंदू, बौद्ध, जैन आणि मराठी ख्रिस्ती अशा सगळ्या घरांत ते खपून जाते. राशीचाही अडसर नाही. ‘स’ हे अक्षर मराठी आणि गुजराती दोन्ही पंचांगांत कुंभ राशीचे. बारशाला नाव ठेवण्याचा मान मराठीत आत्याचा, गुजरातीत फोईचा, म्हणजे तिचाच. तिकडे झोळी हलवत ‘ओळी झोळी पीपळ पान’ म्हणतात, इकडे कानात कुर्र करतात.

गुजराती पुरुष स्नेहलचे ओळखीचे उदाहरण म्हणजे हिंदी चित्रपटांतले अभिनेते स्नेहल डाबी. मराठी बाजूला ‘फुलवंती’ (२०२४) या चित्रपटाच्या दिग्दर्शिका स्नेहल तरडे. क्रिकेटमध्ये तर दोन्ही सापडतात : भारताच्या महिला संघातून खेळलेल्या पुण्याच्या मध्यमगती गोलंदाज स्नेहल प्रधान, आणि गोव्याचे फलंदाज स्नेहल कवठणकर. कवठणकर यांनी नोव्हेंबर २०२४मध्ये रणजी करंडकाच्या प्लेट गटात अरुणाचल प्रदेशाविरुद्ध नाबाद ३१४ धावा काढल्या आणि कश्यप बखले यांच्यासह ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. म्हणजे मराठी-कोंकणी किनाऱ्यावरचा स्नेहल पुरुष असणे अशक्य नाही. फक्त ऐकणाऱ्याला आधी तसे वाटत नाही.

क्रियापद, हाक आणि हुद्दा

इंग्रजीत एखाद्या स्नेहलविषयी बरेच काही लिंग न सांगता लिहिता येते. मराठीत दोन वाक्यांपुढे निभत नाही. ‘स्नेहल आला’ की ‘स्नेहल आली’, निवड करावीच लागते. तरी काही पळवाटा आहेत, आणि मुंबईच्या कचेऱ्यांतली मंडळी त्या न शिकवता वापरतात. भूतकाळी सकर्मक वाक्यात ‘ने’ आला की क्रियापद कर्माकडे बघते : ‘स्नेहलने अर्ज दिला’, ‘स्नेहलने फाइल पाठवली’. यातून अर्जाचे आणि फाइलीचे लिंग कळते, स्नेहलचे नाही. भविष्यकाळही सुरक्षित : ‘स्नेहल उद्या येईल’. विभक्तीचे प्रत्ययही गप्प राहतात. स्नेहलला, स्नेहलचा, स्नेहलकडे, दोघांनाही सारखेच. अडकायला होते ते वर्तमानकाळात आणि अकर्मक भूतकाळात. वर्तमानकाळात निदान आदरार्थी बहुवचन वाचवते, ‘येतात’ दोघांनाही चालते; भूतकाळात तेही वाचवत नाही, कारण पुरुष ‘आले’ आणि बाई ‘आल्या’.

हाक मारताना तर क्रियापदापर्यंत जावेच लागत नाही. ‘अरे स्नेहल’ आणि ‘अगं स्नेहल’ यांतले पहिले अक्षर उच्चारण्याआधीच निर्णय झालेला असतो. चाळीतल्या पोरांनी नावाला ‘या’ जोडून स्नेहल्या केला की तो नक्की मुलगा. पक्या, सुन्या, दिल्या यांच्या रांगेत मुलीला बसवत नाहीत. लाडाचे स्नेहू मात्र दोघांनाही चालते. गुजरातीत ‘भाई’ आणि ‘बेन’ नावालाच चिकटतात, त्यामुळे त्या भाषेत पूर्ण हाक ऐकू आली की शंका उरत नाही. हिंदीभाषक शेजारी जोडाक्षराच्या आधी एक ‘इ’ घालून ‘इस्नेहल’ म्हणतात, पण त्याने लिंगावर काही उजेड पडत नाही.

सप्टेंबर २०१४ ते मार्च २०१७ या काळात शिवसेनेच्या स्नेहल आंबेकर मुंबईच्या महापौर होत्या. ‘महापौर’ हा हुद्दाही मराठीत दोघांना सारखाच. ‘महापौर स्नेहल आंबेकर’ या तीन शब्दांत कुठेही बाई दिसत नाही; बातमीच्या शेवटी ‘म्हणाल्या’ आले की दिसते. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात या नावाला मिळालेली ही सर्वांत मोठी प्रसिद्धी. तोपर्यंत ज्यांना स्नेहल म्हणजे भाटकरच आठवत, त्यांच्या डोक्यातला हिशेब बहुधा या अडीच वर्षांत बदलला.

कागदोपत्री

महाराष्ट्रातले पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. ‘स्नेहल विजय कदम’ हे मुलाचे असू शकते, मुलीचे असू शकते, किंवा विजय नावाच्या नवऱ्याच्या बायकोचेही. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हे वेगळे विचारावे लागते. मतदार यादीत म्हणूनच तसा रकाना असतो, आणि त्याच्या शेजारी वय व लिंग.

मधल्या नावाच्या या रांगेत आता आईही आली आहे. मुंबई विद्यापीठात पदवीच्या कागदांवर आईचे नाव घालण्याचे श्रेय १९९५ ते २००० या काळातल्या कुलगुरू स्नेहलता देशमुख यांना दिले जाते. राज्य सरकारने मार्च २०२४मध्ये तसाच निर्णय शासकीय कागदपत्रांसाठी घेतला : १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. नव्या पद्धतीत पालकांची ओळख पूर्ण झाली. स्नेहलच्या बाबतीतली जुनी अडचण मात्र तशीच राहिली, कारण चारही शब्द वाचून संपले तरी बाळ मुलगा की मुलगी हे कळत नाही.

जन्मनोंदणीत या उलट घडते. रुग्णालयातून महापालिकेकडे माहिती जाते तेव्हा बाळाचे लिंग लिहिलेले असते आणि नावाची जागा अनेकदा रिकामी. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव नंतर भरता येते : वर्षाच्या आत विनाशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे मुंबईतल्या प्रत्येक स्नेहलच्या दाखल्यावर ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ हा शब्द बहुधा ‘स्नेहल’च्या आधी लिहिला गेला आहे. पुढे शाळेत, बँकेत किंवा पासपोर्टच्या अर्जात कुणी अंदाजाने भलत्याच रकान्यात खूण केली, तर दुरुस्तीसाठी हाच दाखला बाहेर काढावा लागतो.

गुणवत्ता यादीत नावामागे ‘कु.’ लावण्याची शाळांची पद्धत होती. त्याचा उपयोग थोडाच, कारण ‘कु.’ म्हणजे कुमारी तसेच कुमारही. लग्नपत्रिका अधिक स्पष्ट असते. मराठी पत्रिकेत ‘चि. स्नेहल’ म्हणजे नवरा मुलगा आणि ‘चि. सौ. कां. स्नेहल’ म्हणजे नवरी. गुजराती कंकोत्रीत मात्र वर आणि वधू दोघांनाही ‘चि.’च लावतात, म्हणून ओळखीपाळखीतली कंकोत्री हातात पडलेला मराठी शेजारी नावाची ओळ सोडून खालच्या ओळीवर जातो, जिथे ‘सुपुत्र’ किंवा ‘सुपुत्री’ छापलेले असते.