पैदाशीचं जनावर लिलावात घेताना आणि विकताना

लिलावाच्या रिंगणात एक गाय फार तर मिनिटभर डोळ्यांसमोर असते. तेवढ्या वेळात ती अंगाने कशी आहे आणि चालते कशी, एवढंच कळतं. पैदाशीच्या जनावराचं मोल पोटात, कासेत, दातांत आणि तपासणीच्या कागदात असतं. घेणाऱ्याबरोबर लिलावात जाऊन जनावर पारखून द्यायचं, हे आमचं काम. म्हणून आमच्याबरोबर येणाऱ्याला आम्ही बोलीच्या निदान दोन तास आधी बोलावतो आणि जनावरं बांधलेली असतात तिथेच फिरवतो. बोली लावणं हे त्या दिवसाचं सगळ्यात सोपं काम.

आम्ही दिवसाची मजुरी घेतो, किमतीवर टक्का घेत नाही. बोली चढली तर आमच्या खिशात काही पडत नाही, आणि एकही जनावर पसंत न पडता परत फिरलो तरी आमचं काही बिघडत नाही.

पुकाऱ्यातला शब्द नीट ऐका

पुकारा म्हणजे लिलाव करणारा जनावराबद्दल मोठ्याने सांगतो ते. त्यातले “वळूत होती”, “फळवलेली”, “गाभण” आणि “तपासून गाभण” हे चारही शब्द कानाला सारखेच गोड लागतात. “वळूत होती” म्हणजे कळपात वळू होता, बस्स. “फळवलेली” म्हणजे वळू लागला किंवा कृत्रिम रेतन झालं. गाय ठरली (गाभण राहिली) की उलटली (न राहता पुन्हा माजावर आली), हे कुणी पाहिलेलं नाही. नुसतं “गाभण” हा बऱ्याचदा विकणाऱ्याचा अंदाज असतो. “तपासून गाभण” असेल तरच कुणी, कधी आणि कसं तपासलं हे विचारता येतं. सोनोग्राफीत गाभ साधारण ३० दिवसांपासून दिसतो, हाताने तपासणाऱ्या सरावलेल्या डॉक्टरला त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत कळतो. गाभणकाळ सरासरी २८३ दिवसांचा, वशिंडाच्या जातींत काही दिवस जास्त. फळवल्याची तारीख हाती असली की विण्याची तारीख तिथेच बोटांवर मोजा आणि सांगितलेल्या महिन्यांशी ताडून पाहा.

यात आम्हीही फसलो आहोत. एका ग्राहकासाठी “सात महिन्यांची” म्हणून गाय घेतली. दिवस भरत आले तरी ती कास सोडेना, म्हणजे कास भरून येईना. तपासली तर रिकामी. पोट दिसत होतं ते चाऱ्याचं. पुकाऱ्यात शब्द “वळूत होती” असा होता, सात महिने हा हिशोब शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सांगितला आणि आम्ही दोन्ही एकत्र करून बसलो. चूक आमची होती, मजुरी परत केली. तेव्हापासून पुकारा जसाच्या तसा वहीत उतरवून घेतो.

नुकत्याच फळवलेल्या गायीचा आणखी एक धोका आहे. साधारण ५ ते ४२ दिवसांच्या दरम्यान गाडीतल्या प्रवासाच्या ताणाने गाभ जिरण्याची शक्यता वाढते. अशी गाय घ्यायची तर रिकामीच्या भावात घ्या. ठरली तर तुमचं नशीब.

जवळून पाहताना

गाय बसलेली असेल तर उठेपर्यंत थांबा. मागचे पाय उचलताना अडखळली किंवा उठल्यावर एका पायावर भार देईना, तर खूर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दात खालच्याच जबड्यात पाहायचे, वर पुढचे दात नसतातच. दुधाचे दात पडून पहिली जोडी येते ती दोन वर्षांच्या आसपास, चार दाती अडीचच्या पुढेमागे, सहा दाती तीन ते साडेतीनला, आणि जुळलेली (आठही दात आलेली) म्हटली की चार वर्षांच्या पुढची. जुळल्यानंतरचं वय दातांच्या झिजेवरून सांगतात, तिथे एखाद-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. खडकाळ माळावर चरलेल्या जनावराचे दात लवकर झिजतात, हेही धरून चला.

दुभत्या गायीचे चारही सड आपल्या हाताने पिळा. पहिली धार काळ्या वाटीत घ्या, म्हणजे दुधातल्या गुठळ्या लगेच उठून दिसतात. कास दगडासारखी ताठ, सड बाहेरच्या बाजूला फाकलेले आणि दूध आपोआप ठिबकतंय, असं दिसलं तर दूध न काढता कास तुंबवून आणली आहे असं समजा. जनावराला यातना होतात, आणि तुम्हाला कासेचा खरा आकारही कळत नाही. बरोबरचं वासरू तिचंच आहे का, हे ते पिताना पाहावं. परकं वासरू बहुतेक गाया हुंगून लाथाडतात.

कालवड जुळ्यातली आहे का, हे जरूर विचारा. खोंडाबरोबर जुळी जन्मलेल्या कालवडींपैकी ९० टक्क्यांहून जास्त वांझ निघतात. दिसायला त्या इतरांसारख्याच असतात, म्हणूनच लिलावात येतात.

वळूच्या बाबतीत लोक मान, छाती आणि रंग पाहून भुलतात. आम्ही मागून सुरुवात करतो. अंडकोशाचा घेर युरोपीय जातींत १५ महिन्यांपर्यंतच्या वळूला किमान ३० सेंटिमीटर आणि दोन वर्षांपुढच्याला ३४ सेंटिमीटर धरतात. दोन्ही बाजू सारख्या, घट्ट आणि गाठीविना असाव्यात. वीर्यतपासणीचा कागद असेल तर तारीख वाचा: शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे तपासणीनंतर वळूला ताप येऊन गेला असेल तर तो कागद आजच्या वळूचा राहत नाही. शिवाय वीर्य उत्तम आणि गायीकडे ढुंकूनही न पाहणारा वळू आम्ही पाहिला आहे. कधीच न लावलेला तरुण वळू मिळत असेल तर तो घ्या. वापरलेला वळू, त्यातही वयाने मोठा, ट्रायकोमोनास, म्हणजे वळू लागताना गायीला लागणारा रोगजंतू, घेऊन आलेला असू शकतो. त्याला स्वतःला काही होत नाही. गायी उलटत राहतात.

घरी नेल्यावर

नवं जनावर ३० दिवस वेगळं बांधा. वेगळं म्हणजे वेगळी दावण, वेगळा हौद, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, एका तपासणीत निसटू शकतो. रोगी आईच्या पोटची कालवड पहिल्या वेतापर्यंत ‘निगेटिव्ह’ दाखवू शकते, म्हणून विल्यानंतर तिची पुन्हा तपासणी करून घ्या. गाभडलेल्या गायीची वार आणि वासरू उघड्या हाताने उचलू नका. हा रोग माणसाला होतो. बीव्हीडी हा गुरांना हगवण लावणारा विषाणू काही वासरांत जन्मापासून कायमचा राहतो. त्यासाठी कानाचा बारीक तुकडा तपासतात. गाभण गाय त्यात स्वच्छ निघाली तरी पोटातल्या वासराची खात्री देता येत नाही. ते जन्मल्यावर त्याचीही हीच तपासणी करा.

बोली

आकडा घरूनच ठरवून या आणि आम्हाला लिहून द्या, त्याच्या पुढे आम्ही बोलीसाठी हात वर करणार नाही. हातोडी पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडली की व्यवहार झाला, असाच बहुतेक ठिकाणी नियम असतो. तक्रारीची मुदत किती आणि कोणत्या दोषासाठी, हे विक्रीच्या अटींत असतं. ती चिठ्ठी कंटाळवाणी असते, तरी वाचा.

विकायला आणणार असाल तर

का विकताय, हे घेणारा विचारणारच. खरं उत्तर तयार ठेवा. “गोठा बंद करतोय” किंवा “याच वळूच्या कालवडी मोठ्या झाल्या, आता रक्त बदलायचंय” अशा कारणाने बोली उलट वाढते. गर्भपात झालेली गाय गाभण गायींच्या विक्रीत घालू नका, तिची वाट वेगळी. विण्याच्या तारखा जवळच्या असलेल्या गायींचा एक गट करा. मिसळीच्या गटात घेणारा सगळ्यात कमकुवत गायीचा भाव सगळ्यांना लावतो. जनावर आदल्या दिवशी पोहोचवा, पाणी आणि वैरण देऊन बसू द्या. कधी बांधलेलंच नसेल तर निदान दोन आठवडे मोरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालून माणसांत फिरवा, नाहीतर रिंगणात बुजतं आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्या डोळ्यांवरच जातं. औषध चालू असेल तर शेवटच्या डोसाची तारीख कागदावर हवी.

विक्रीची यादी हातात आली की आमच्याकडे पाठवा. कोणती जनावरं पाहायला जायचं यावर खुणा करून आम्ही ती परत देतो. लिलावाच्या दिवशी येताना काळी वाटी, टॉर्च आणि मळली तरी चालतील असे कपडे बरोबर ठेवा. वही आमच्याकडे असते.