कॅक्टस की युफोर्बिया? काट्याच्या बुडाशी बघा

सगळे कॅक्टस सक्युलंट, म्हणजे अंगात पाणी साठवणाऱ्या रसाळ वनस्पती, असतात, पण सगळे सक्युलंट कॅक्टस नसतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. कोरफडीला कुणी कॅक्टस म्हणत नाही. घोळ होतो तो युफोर्बियापाशी; या चिकाच्या वनस्पतींतल्या काही हुबेहूब कॅक्टससारख्या दिसतात. हरियाणातल्या पंचकुल्यात १९८७ साली उभ्या राहिलेल्या निवडुंगांच्या बागेत दोन्ही बघायला मिळतात आणि काटे दिसले की लोक सरसकट ‘कॅक्टस’ म्हणून मोकळे होतात. रोपवाटिकाही तशाच चिठ्ठ्या लावून विकतात, याची मला खरोखर चीड येते.

काटे मोजत बसू नका, काटा जिथून उगवतो ती जागा बघा. कॅक्टसच्या काट्यांच्या झुबक्याखाली लोकरीसारखी बारीक गादी असते, तिला अरिओल म्हणतात. काटे, फुलं, नव्या फांद्या तिथूनच फुटतात. युफोर्बियाला ही गादी नसतेच. त्याचे काटे बहुधा जोडीजोडीने, धारेवरच्या कडक चकतीतून थेट निघतात. आणि काटेच नसले तर? अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियस हा कॅक्टस आणि युफोर्बिया ओबेसा शेजारी ठेवा. दोन्ही गोल, बिनकाट्यांचे, साधारण आठ फाकांचे. पण अ‍ॅस्टेरियसच्या प्रत्येक फाकेवर लोकरीचे ठिपके ओळीने दिसतील, ओबेसावर एकही नाही. मेक्सिकोचा एक, दक्षिण आफ्रिकेचा दुसरा. कोरड्या हवेने दोघांना एकच रूप दिलं, नातं मात्र दूरचं.

‘चीक आला की युफोर्बिया’ ही खूण सोडून द्या. मॅमिलारिया या कॅक्टसच्या काही जातींनाही पांढरा चीक येतो. तो निरुपद्रवी असतो. युफोर्बियाच्या चिकाने मात्र कातडीची आग होते, डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका. म्हणून युफोर्बिया छाटताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावं.

फुलांत फरक आहेच. कॅक्टसचं बहुधा मोठं आणि भरपूर पाकळ्यांचं, युफोर्बियाचं बारीक.

आपल्या बांधावरचा फड्या निवडुंग खरा कॅक्टस, पण मूळचा अमेरिकेचा. त्रिधारी निवडुंग इथलाच, आणि तो युफोर्बिया.

काचघरात एकच पाणी-वेळापत्रक दोघांना लावू नये. हिवाळ्यात कोरडे ठेवलेले बरेच कॅक्टस चांगली थंडी सोसतात. उष्ण प्रदेशातले युफोर्बिया तितकी सोसत नाहीत, त्यांना उबदार कोपरा द्यावा.