ऊर्जाकेंद्राच्या आत नेमकं काय फिरतं?

‘तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे.’ शाळेत विज्ञान शिकलेल्या बहुतेकांना हे वाक्य पाठ असतं. परीक्षेत त्याला हमखास गुण मिळतो. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलच्या पेशीवर बदामाच्या आकाराची तंतुकणिका चिकटवतात, टाचणीला कागदाची पट्टी लावून नाव लिहितात आणि विषय तिथेच संपतो. ऊर्जा तयार होते म्हणजे नक्की काय होतं, हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, पेशी समजून घ्यायची असेल तर गॉल्गी संकुल, रिक्तिका, लयकारिका ही यादी एक वेळ विसरली तरी चालेल, पण या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. १६६५ मध्ये रॉबर्ट हुकने बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले ते मेलेल्या पेशींचे रिकामे सांगाडे होते. पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले असतात असं मांडलं, तरी ‘कप्पा आणि त्यात भरलेला रस’ हे चित्र लोकांच्या मनातून गेलं नाही. आजही पेशी म्हटलं की द्रवात काही गोळे तरंगत असल्याची आकृती डोळ्यांपुढे येते. खरा कारभार चालतो तो पटलांवर. पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल मेदाच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्याची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर भरते, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, लयकारिका, हरितलवक यांनाही अशीच पटलं असतात. विद्युतभार असलेले कण या मेदाच्या थरातून सहजासहजी आरपार जात नाहीत. त्यामुळे पटलाच्या एका बाजूला एक स्थिती आणि दुसऱ्या बाजूला वेगळी स्थिती राखता येते. ही तफावत पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

पेशीत ऊर्जेची देवाणघेवाण चालते ती एटीपी नावाच्या रेणूतून. त्याचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान यांनी लावला, आणि त्याच सुमारास बॉस्टनमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे. हे सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, याची मला खंत वाटते. एटीपीला तीन फॉस्फेट गट असतात. शेवटचा तुटला की ऊर्जा मिळते आणि उरतो तो एडीपी. एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडलं की एटीपी तयार. आपल्या शरीरात कुठल्याही क्षणी एटीपीचा साठा शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतो, पण दिवसभरात तयार होणारं एटीपी मोजलं तर ते जवळपास आपल्या वजनाइतकं भरतं. म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. हे जोडकाम कोण करतं?

अनेक वर्षं शास्त्रज्ञ एका ‘मधल्या’ रसायनाच्या शोधात होते. अन्नातली ऊर्जा आधी त्या रसायनात येत असेल आणि मग एटीपीत जात असेल, असा तर्क होता. ते रसायन कुणालाच सापडलं नाही. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सांगितलं की ते सापडणार नाही, कारण असं काही नाहीच. ऊर्जा साठते ती पटलाच्या दोन बाजूंमधल्या प्रोटॉनच्या फरकात. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचा धन विद्युतभार असलेला कण; ते जितके जास्त, तितकं द्रावण जास्त आम्ल. बहुतेकांनी ही कल्पना उडवून लावली. प्रकृती बिघडल्यामुळे मिचेल विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमध्ये गेले, तिथल्या एका जुन्या वाड्याची डागडुजी केली आणि जेनिफर मॉइल यांच्यासोबत तिथेच प्रयोगशाळा थाटली. १९६६ मध्ये जॅगेनडॉर्फ आणि उरीबे यांनी एक सुरेख प्रयोग केला. वनस्पतींच्या पेशीत प्रकाशाच्या ऊर्जेवर एटीपी बनवणाऱ्या हरितलवकातली पटलं त्यांनी आधी ४ सामूच्या (सामू म्हणजे पीएच, आम्लतेचं माप) आम्लात भिजवली आणि मग एकदम ८ सामूच्या द्रावणात टाकली, तीही अंधारात. प्रकाश नाही, अन्न नाही, फक्त आतबाहेरचा आम्लतेचा फरक. तरीही एटीपी तयार झालं. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

आता तंतुकणिकेत जाऊ. तिला दोन पटलं असतात आणि आतलं घड्या घातलेलं असतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात, आणि ते सरकत असताना प्रथिनं प्रोटॉन बाहेर ढकलतात. साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारायला ऑक्सिजन उभा असतो आणि त्याचं पाणी होतं. आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होतो असं अनेकांना वाटतं, पण तो होतो पाणी. सायनाइड नेमकं या शेवटच्या पायरीवर घाव घालतं. ऑक्सिजन हजर असतो, पण साखळी त्याच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचवू शकत नाही.

प्रोटॉन बाहेर साठल्यामुळे पटलाच्या दोन बाजूंत साधारण १५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. आकडा किरकोळ वाटेल, पण तो ५ नॅनोमीटर जाडीवर आहे. हिशोब केला तर मीटरमागे ३ कोटी व्होल्ट होतात. कोरड्या हवेत ठिणगी पडायला याच्या एकदशांश पुरतात.

कोयनेचं पाणी कितीही साठलं तरी वीज मिळते ती पोफळीच्या बाजूला त्याला खाली पडायला वाट आहे म्हणून. तसंच इथे प्रोटॉनना आत परतायची वाट हवी. ती वाट म्हणजे एटीपी सिंथेज हे प्रथिन. मला आख्ख्या जीवशास्त्रात याच्याइतकं विलक्षण दुसरं काही वाटत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

या यंत्राचा एक भाग पटलात रुतलेला असतो. त्यात एक गोल कडं असतं. गायीच्या आणि आपल्या पेशीत ते आठ सारख्या तुकड्यांचं असतं, पालकाच्या हरितलवकात चौदा तुकड्यांचं. बाहेरून आलेला प्रोटॉन अर्ध्या वाटेच्या बोळातून कड्याच्या एका तुकड्यावर जाऊन बसतो. कडं एक घर पुढे सरकतं. पुढच्या तुकड्यावर पुढचा प्रोटॉन बसतो. जवळजवळ पूर्ण फेरी मारून पहिला प्रोटॉन दुसऱ्या बोळातून आत उतरतो. कड्याला जोडलेला एक वाकडा दांडा त्याच्याबरोबर फिरतो, आणि हा दांडा घुसलेला असतो प्रथिनाच्या सहा पाकळ्यांच्या मधोमध. त्यातल्या तीन पाकळ्या एटीपी बनवतात.

अमेरिकेतल्या पॉल बॉयर यांनी इथे जी कल्पना मांडली ती पहिल्या वाचनात उलटी वाटते. एडीपी आणि फॉस्फेट जोडायला फार ऊर्जा लागत नाही, लागते ती तयार झालेला एटीपी सोडवायला! पाकळीच्या तीन अवस्था असतात. एकीत एडीपी आणि फॉस्फेट सैलसर धरलेले असतात. दुसरीत पाकळी इतकी घट्ट मिटते की ते दोघे जोडले जातात. तिसरीत ती उघडते आणि एटीपी बाहेर पडतो. दांडा वाकडा असल्यामुळे तो १२० अंश फिरला की प्रत्येक पाकळी पुढच्या अवस्थेत जाते. तीन पाकळ्या कायम तीन वेगळ्या अवस्थांत असतात. एका फेरीत तीन एटीपी, आणि आपल्या पेशीत त्यासाठी आठ प्रोटॉन खर्च होतात. फेऱ्या सेकंदाला शंभराच्याही वर जाऊ शकतात.

१९९४ मध्ये केंब्रिजच्या जॉन वॉकर यांच्या गटाने गायीच्या हृदयातून या प्रथिनाचा पाकळ्यांचा भाग काढून त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. तीन पाकळ्या खरोखरच तीन वेगळ्या आकारांत होत्या. पण फिरताना कुणी पाहिलं होतं? १९९७ च्या मार्चमध्ये नोजी, यासुदा, योशिदा आणि किनोसिता या जपानी शास्त्रज्ञांनी ते दाखवलं. त्यांनी पाकळ्यांचा भाग उलटा करून काचेवर पक्का चिकटवला आणि वर आलेल्या दांड्याला ॲक्टिन या प्रथिनाचा चमकता धागा जोडला. यंत्राची रुंदी १० नॅनोमीटर, धागा त्याच्या शंभरपट लांब. मग एटीपी घातलं. यंत्र उलट्या दिशेने चालू लागलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गोल गोल फिरताना दिसला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं. २००४ मध्ये याच परंपरेतल्या गटाने दांड्याला चुंबकीय मणी जोडला आणि विद्युतचुंबकाने तो सुलट फिरवला, तेव्हा एटीपी तयार झालं. ते ओळखलं काजव्याच्या प्रकाशाच्या रसायनाने, कारण ते रसायन एटीपी मिळाल्याशिवाय उजळत नाही.

हे सगळं माहीत असताना ‘पेशी चार्ज करणाऱ्या’ मनगटी कड्यांच्या आणि अल्कली पाण्याच्या यंत्रांच्या जाहिराती पाहिल्या की संताप येतो. अल्कली पाणी जठरात पोहोचताच तिथल्या आम्लात मिसळून जातं. तंतुकणिकेच्या पटलावरचा फरक ठरतो तो अन्न, ऑक्सिजन आणि त्या प्रथिनांमुळे. मनगटावरचं कडं तिथे काहीही करू शकत नाही. आणि हा फरक खरोखर बिघडवणारं रसायन किती घातक असतं, तेही जगाने पाहिलं आहे. डायनायट्रोफिनॉल हे रसायन १९३० च्या दशकात अमेरिकेत वजन कमी करायला विकलं जायचं. ते प्रोटॉनना पटलातून चोरवाटेने आत नेतं. कडं फिरत नाही, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. वजन उतरतं, पण ताप चढत जातो आणि माणसं दगावतात. १९३८ मध्ये तिथे ते माणसांनी घेण्यास अयोग्य ठरवलं गेलं. नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत मात्र हीच गळती एक प्रथिन काबूत ठेवून घडवतं, आणि बाळ उबदार राहतं.

आता क्षयाकडे येऊ, कारण या फिरत्या कड्याचा आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध तिथे आहे. जिवाणूंना तंतुकणिका नसतात. त्यांचं एटीपी सिंथेज त्यांच्या पेशीपटलातच असतं. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत बेडाक्विलिन या गोळीला मान्यता मिळाली. चार दशकांनंतर क्षयासाठी आलेला हा पहिला नव्या जातीचा रेणू. तो क्षयजिवाणूच्या त्या कड्याला जाऊन चिकटतो आणि कडं अडतं. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंची जनुकं तपासली तेव्हा बदल सापडला तो कड्याचा तुकडा बनवणाऱ्या जनुकात, आणि औषध नेमकं कुठे काम करतं ते त्यावरून कळलं. आपल्या तंतुकणिकेतल्या कड्याची घडण वेगळी असल्यामुळे त्याच्यावर हा रेणू हजारो पटींनी कमी परिणाम करतो. सुप्त पडून राहिलेल्या जिवाणूलाही जगायला थोडं एटीपी लागतंच, म्हणून त्याच्यावरही हे औषध चालतं.

याआधी अशा रुग्णांना महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्यांनी अनेकांची श्रवणशक्ती गेली. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी लांबवण्याचा कंपनीचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्या दोघी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, क्षयातून वाचलेल्या आणि उपचारांत ऐकू येणं गमावलेल्या होत्या. आता बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा तोंडावाटे घ्यायचा उपचार भारतात मान्य झाला आहे. औषधाचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून उपचार चालू असताना अधूनमधून ईसीजी काढून पाहतात.