विस्टेरिया आवरायची कशी?

मे महिन्यात इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या भिंतींवर जांभळे घोस लोंबतात, ते विस्टेरियाचे. चीनहून ही वेल तिथे १८१६ साली पोहोचली. फुलं ओसरली की तीच वेल कौलांखाली शिरते, पन्हळी वाकवते. कॅलिफोर्नियातल्या सिएरा माद्रे गावात १८९४ च्या सुमारास लावलेली एक वेल आज जवळजवळ एकरभर पसरली आहे.

वैतागलेला घरमालक मग करवत काढतो, वेल बुंध्यापर्यंत कापतो आणि वर खतही घालतो. दोन्ही चुकतं. जमिनीखाली मुळांचा पसारा तसाच असतो. त्यातला सगळा साठा उरलेल्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागांना, मिळतो आणि लांबच लांब फुटवे सुटतात. शिवाय विस्टेरिया वाल-पावट्याच्या कुळातली. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून देतात, म्हणून नत्राचं खत घातलं की पालाच माजतो. काही वर्षं फुलाचं नाव नाही.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे कोडं पडणार नाही. नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि फळासाठी गोडी छाटणी अशा दोन छाटण्या तो करतो, कारण घड दिसण्याच्या कितीतरी महिने आधी डोळ्यात तयार होतो हे त्याला ठाऊक असतं. विस्टेरियाचंही असंच. पुढच्या वसंतातल्या फुलांचे डोळे आदल्या उन्हाळ्यात, फुटव्यांच्या बुडाशी धरतात. म्हणून इंग्लंडमधल्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, नवे हिरवे फुटवे पाच-सहा पानांवर खुडायचे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं; शेंडा गेला की तो दाब सुटतो, आणि पाला विरळ झाल्याने बुडाशी ऊन पोहोचतं. जानेवारी-फेब्रुवारीत पानं नसताना तेच फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणायचे. तेव्हा ओळखही सोपी: फुलाचा डोळा फुगीर, पानाचा बारीक आणि टोकदार.

फारच माजलेली वेल असेल तर दर हिवाळ्यात एखादं जुनं खोड बुडातून काढावं, सगळी एकदम नाहीत. खोडं एकमेकांना पिळे घालून बसलेली असतात, तेव्हा कापण्याआधी कुठलं कुठे जातं ते बोटाने माग काढत पाहावं. घाईत भलतंच खोड तुटतं. कलमी वेलीच्या जोडाखालून येणारे फुटवे मात्र दिसतील तेव्हा उपटावेत, ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात. शेंगा राहिल्या असतील तर त्याही काढाव्यात. दिसायला वालासारख्या, पण बिया विषारी असतात.